मधलं न गाळता

"पुरी फुगते ना, तसं झालंय," डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. माझ्या डाव्या डोळ्याच्या पडद्याचा आडवा छेद होता तो. दोन्ही बाजूंना सपाट आणि बरोबर मध्यभागी एक फुगवटा. फुगवट्याखाली काळं दिसत होतं ते पाणी.

आजाराचं नाव सेंट्रल सिरस कोरिओरेटिनोपथी. डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या ज्या भागाने आपण अक्षरं वाचतो, चेहरे ओळखतो, नेमकं त्याच्याखाली पाणी झिरपतं आणि पडदा उचलला जातो. "ताणाने वाढतो. पुरुषांत जास्त दिसतो," डॉक्टर म्हणाल्या, "पण मीटिंगा आता दोघांनाही सारख्याच."

औषध काय, मी विचारलं.

"सध्या काही नाही. थांबायचं. बहुतेकांचं तीन-चार महिन्यांत आपोआप सुकतं. झोप पुरी घ्या, कामं कमी करा."

"थांबायचं म्हणजे नक्की काय करायचं?"

माझा नवरा निखिल शेजारी बसला होता, तो हसला. डॉक्टर हसल्या नाहीत. कुठलं स्टेरॉइड घेता का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. गोळी, मलम, असं काहीतरी त्या पुढे मोजत होत्या, पण तेवढ्यात माझा फोन थरथरला आणि मी मांडीवर धरून टीमला 'पाच मिनिटांत येते' असं टाइप करत होते. प्रश्न पुरता ऐकायच्या आधीच उत्तर देऊन टाकायचं, ही माझी कामावरची ख्याती. ती मला तिथे भोवली. तुम्हीही माझ्यासारखे असाल तर पुढचं जरा सावकाश वाचा.

सुरुवात आदल्या आठवड्यातल्या एका मीटिंगमध्ये झाली होती. स्क्रीनवरच्या माझ्या साहेबांचं नाक दिसेना. त्या जागी करडा, नाण्याएवढा डाग. मी चष्मा पुसला. मग स्क्रीन पुसला. मग स्क्रीन पुसायचं चांगलं कापड दहा मिनिटांत घरपोच मागवलं आणि त्याने परत पुसला. उजवा डोळा मिटून पाहिला तेव्हा कुठे कळलं की डाग माझ्यातच आहे. तरी चार दिवस तसेच काढले.

मुलुंडच्या घरी आल्यावर मी थांबण्याच्या कामाला जोमाने लागले. ऑफिसातून रजा घेतली. ध्यानाची तीन ॲप घेतली. दर तासाला मनगटावरचं घड्याळ मला 'शांत हो' म्हणून टोचायचं. डॉक्टरांनी चौकटींचा एक कागद दिला होता. रोज एकदा एकेक डोळा मिटून त्यावरच्या रेघा वाकड्या दिसतात का ते बघायचं. मी दिवसातून दहा-बारा वेळा बघायचे आणि त्याचा आलेख काढायचे. निखिल म्हणाला, "अगं, आराम करतेयस की आरामाचं प्रोजेक्ट चालवतेयस?" मी त्याच्यावर खेकसले.

घरात तेव्हा बाबाही होते, माझे वडील. आई गेल्यावर ते पार्ल्याहून आमच्याकडे राहायला आले. सगळी नोकरी एका छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून केली. त्यांच्याकडची पद्धत अशी की एकाने मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने छापून आलेल्या कागदावर डोळा ठेवायचा. वाचणाऱ्याने काही गाळायचं नाही. स्वल्पविरामसुद्धा तोंडाने म्हणायचा. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी बाबा बिस्किटाचा पुडासुद्धा पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचतात. लहानपणापासून मी त्यांना एकच सांगत आलेय, "बाबा, मुद्द्याचं सांगा ना."

"तुला पेपर वाचून दाखवू का गं?" त्यांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

"माझं ॲप दाखवतं वाचून. दीडपट वेगाने."

"बरं," म्हणाले आणि गॅलरीत जाऊन बसले.

सहा आठवड्यांनी पुन्हा घाटकोपरला डोळ्यांच्या दवाखान्यात ओसीटी झाली. ओसीटी म्हणजे पडद्याच्या थरांचा फोटो. दुखत नाही. हनुवटी टेकवायची आणि हिरव्या खुणेकडे बघत राहायचं. दुखतं ते नंतर बाहेरच्या खुर्च्यांवर निकालाची वाट बघताना. मी आलेख घेऊन गेले होते. पाणी तसूभर कमी झालं नव्हतं. उलट थोडं वाढलं होतं.

"आणखी असंच राहिलं तर लेझरचा वगैरे विचार करावा लागेल," डॉक्टर म्हणाल्या. "फार दिवस पाणी राहिलं की पडदा थोडा कायमचा दुखावतो. मग गेलेली नजर पूर्ण येईलच असं नाही."

मी बेचाळीस वर्षांची आहे. गाडीत मी पहिल्यांदा रडले. डावा डोळा मिटला की निखिल नीट दिसायचा आणि उजवा मिटला की त्याच्या चेहऱ्याच्या जागी करडा डाग. मला खूप भीती वाटली.

घरी आले, तिन्ही ॲप काढून टाकली, घड्याळ कपाटात ठेवलं आणि गॅलरीत बाबांच्या शेजारी जाऊन बसले. म्हटलं, "वाचा."

त्यांनी पेपर उघडला आणि तारखेपासून सुरुवात केली. मग वार. मग पानं किती. मथळ्याला यायला बराच वेळ लागला. माझे पाय आपोआप हलत होते. "कुमा," ते मला लहानपणीच्या नावाने हाक मारतात, "पाय हलवू नकोस, खुर्ची करकरते." आणि पुढे, "पुलाचे काम रखडले, स्वल्पविराम, रहिवासी त्रस्त, पूर्णविराम."

पहिले चार दिवस मला ओरडावंसं वाटलं. पाचव्या दिवशी मी ऐकता ऐकता झोपले. भर सकाळी, अकरा वाजता. किती वर्षांनी! उठले तर ते मृत्युलेखांपर्यंत पोचले होते, आणि मी झोपले म्हणून थांबले नव्हते, फक्त आवाज बारीक केला होता.

हळूहळू मी त्यांच्याकडे बघू लागले. एरवी मी त्यांच्याकडे बघत नसे, त्यांच्या दिशेने बोलत असे. वाचताना ते कागद उजवीकडे धरत आणि डावा डोळा मिटून घेत. मला वाटलं, सवय असेल.

मग एके दिवशी औषधांच्या ॲपवरून पार्सल आलं. माझा सर्दीचा नाकातला फवारा. एसीमुळे सारखं नाक चोंदायचं म्हणून कधीतरी एका डॉक्टरांनी महिनाभरासाठी दिला होता. दर महिन्याला आपोआप यावा अशी सोय मी करून ठेवली, आणि दोन वर्षं सकाळी दात घासल्यासारखा तो मारत होते.

बाबांनी खोका घेतला आणि अर्थातच वाचायला सुरुवात केली. नाव, बॅच, मुदत. आतली घडी घातलेली चिठ्ठी उलगडली. मुंगीच्या पायांएवढी इंग्रजी अक्षरं. मी म्हणणार होते, "बाबा, जाऊ द्या," पण नाही म्हटलं. 'कॉर्टिकोस्टेरॉइड' त्यांनी वाचलं, तेव्हा मी कान टवकारले. आणखी बऱ्याच ओळी गेल्या. मग ते अडखळले, थांबले, आणि उठून आत गेले.

येताना माझी फाईल घेऊन आले. चिठ्ठी एका मांडीवर, फाईल दुसऱ्या मांडीवर. एक बोट इथे, एक तिथे. एकेक अक्षर म्हणत शेवटपर्यंत गेले.

"बरोबर जुळतंय," म्हणाले. "तुझ्या आजाराचं नाव ह्यांनी ह्या फवाऱ्याच्या दुष्परिणामांत छापलंय."

मी लगेच डॉक्टरांना फोन केला. त्यांनी तो फवारा बंद करायला सांगितला आणि नाकासाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं. "फक्त ह्यानेच झालं असं मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या, "तुमची झोप, तुमची धावपळ, सगळं त्यात आहे. पण हे चालू असताना पाणी सुकणं कठीणच होतं. मी विचारलं होतं तुम्हाला." विचारलं होतं. चूक सर्वस्वी माझी. (तुमचं स्टेरॉइड मात्र माझं वाचून परस्पर बंद करू नका. काहींना ते लागतंच. डॉक्टरांना सांगा, आणि प्रश्न संपेपर्यंत ऐका, एवढंच.)

संध्याकाळी मी बाबांना चहा दिला आणि विचारलं, "तुम्ही डावा डोळा मिटून का वाचता?"

"मोतीबिंदू आहे. सोसायटीत शिबिर होतं ना डोळ्यांचं, तेव्हा सांगितलं. ऑपरेशन करून घ्या म्हणाले."

ते शिबिर होऊन आठ महिने झाले होते.

"बाबा! मला सांगायचं नाही का?"

"सांगायला आलो होतो गं. तू कॉलवर होतीस. एक मिनिट म्हणालीस." त्यांच्या आवाजात तक्रारीचा मागमूस नव्हता. "मी थांबलो होतो."

मला त्यांच्याकडे बघवेना. एका डोळ्याने वाचणारा माणूस रोज मला पेपर वाचून दाखवत होता आणि त्याच एका डोळ्याने त्याने मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांतून माझा आजार हुडकून काढला होता. मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडले. ते माझ्या केसांवरून हात फिरवत म्हणाले, "डोळ्यांना त्रास होईल, पुरे."

पुढच्या तपासणीला फुगवटा निम्मा झाला होता. त्याच्या पुढच्या वेळी पडदा सपाट. डाव्या डोळ्याला अजून लाल रंग जरा फिका दिसतो, आणि तो तसाच राहील बहुधा. चालेल. मी कामावर परतले आहे, पण रात्रीचे कॉल सोडले. त्याबरोबर मिळणारी बढतीही दुसऱ्याला गेली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

गेल्या महिन्यात बाबांचं ऑपरेशन झालं, माझ्याच डॉक्टरांकडे. त्यांच्या थेंबांच्या बाटलीवर स्टेरॉइड वाचून मी ती तशीच डॉक्टरांपुढे धरली. डॉक्टर या वेळी खरंच हसल्या. "त्यांना ते हवंय. पण वाचलंत, हे छान केलंत."

आता डोळ्यावर झाकण लावून बाबा गॅलरीत बसतात आणि पेपर मी वाचते. तारीख, वार, पानं किती. काल मधेच ऑफिसचा फोन आला. बाबांनी सवयीने हात मांडीवर घेतले आणि ते थांबून राहिले.

"एक मिनिट," मी फोनवर म्हटलं, आणि तो आत कपाटात घड्याळाशेजारी ठेवून आले. मग बोटाने ओळ शोधली आणि जिथे थांबले होते तिथून पुढे वाचू लागले.