वाढवून सांगितलेलं वय

मालकांचं वय मी दहा वर्षांनी वाढवून सांगितलं, आणि त्यामुळं त्यांचा आजार दीड वर्ष लपून राहिला. यात दुसऱ्या कुणाची चूक नाही.

आमच्या कामथडीच्या शाळेत आधार कार्डाचा कॅम्प लागला होता. जन्माचा दाखला कुणाकडंच नव्हता, तोंडानं सांगाल ते वय लिहीत होते. मालक तेव्हा पंचावन्नच्या आसपास असतील. मी पुढं होऊन म्हटलं, "लिहा पासष्ट." पासष्टला एसटीचं अर्धं तिकीट. कॉम्प्युटरवरच्या मुलीनं यांच्या काळ्याभोर केसांकडं पाहिलं. "मावशी, नक्की?"

"कलप लावत्यात," मी म्हटलं.

रांगेतले हसले, हेही हसले. घरी येताना म्हणाले, "आता तुझा थोरला भाऊ माझ्या पाया पडल." गावात बऱ्याच जणांनी असंच केलं होतं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

पुढं बऱ्याच वर्षांनी ते विसरायला लागले. विहिरीवरची मोटर चालू ठेवून घरी यायचे. जेवण झाल्यावर जेवण मागायचे. आमची मुलगी मार्गासनीला दिली आहे, तिनं हट्ट धरला म्हणून पुण्याला नेऊन मेंदूचा एमआरआय काढला. तिथं वय आधार कार्डावरचंच लिहून घेतलं. रिपोर्टात लिहून आलं, आठवणी साठवणारा भाग वयाच्या मानानं योग्य. तिथले डॉक्टर म्हणाले, सत्त्याहत्तरीला एवढं विसरणं चालायचंच.

मला ते लगेच पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा सोयीचं वाटलं. त्या दिवसापासून मी त्यांना बोलायला मोकळी झाले. "अवं, मशीननं सांगितलंय डोकं बरं हाय म्हणून. सोंगं बंद करा आता." ते मान डोलवायचे आणि थोड्या वेळानं परत जेवण मागायचे. त्याचा मला आणखी राग यायचा.

एकदा त्यांना एकट्यालाच मुलीकडं तांदूळ आणायला धाडलं. ती फोनवर म्हणाली, "आये, संगं कुणीतरी दे."

"का, कुकुलं बाळ हायेत का?"

येताना ते कामथडीला उतरलेच नाहीत. पुढच्या किकवीच्या थांब्यावर पिशवी मांडीवर घेऊन दुपारभर बसून होते. पुतण्या मोटारसायकलवर घेऊन आला, तेव्हा त्यांचा लेंगा ओला होता. मी आधी पिशवी उघडून तांदूळ सांडलाय का ते पाहिलं.

मग मुलगीच त्यांना दुसऱ्या डॉक्टरकडं घेऊन गेली. या डॉक्टर बाई होत्या. मीही सोबत होते. बाईंनी जुना रिपोर्ट पाहिला आणि यांच्याशी गप्पा मारत बसल्या. सकाळी काय खाल्लं ते यांना सांगता येईना, पण जुनं सगळं धडाधडा बोलत होते.

"दुष्काळात खडी फोडायला जायचो. सुकडी खायला मिळायची. मिसरूडबी फुटलं नव्हतं तवा."

"कुठला दुष्काळ, बाबा?"

"बहात्तरचा. दुसरा कुठला?"

बाईंनी आधार कार्ड उचललं. "यावरून तर बाबा तेव्हा सव्वीस वर्षांचे होते. सव्विसाव्या वर्षी मिसरूड नाही?"

मुलगी माझ्याकडं बघायला लागली. मी सांगून टाकलं.

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी कागदावर मेंदू काढून दाखवला. त्या म्हणाल्या, पूर्वी या आठवणींच्या भागाची हद्द जो तो डॉक्टर आपापल्या अंदाजानं आखायचा, म्हणून एकाचं माप दुसऱ्याशी जुळायचं नाही. आता हद्द कुठून कुठवर धरायची ते ठरवून घेतलंय. कॉम्प्युटर त्याच खुणांनी मोजतो आणि त्याच वयाच्या निरोगी माणसांच्या मापाशी ताडून बघतो.

"म्हंजे मशीन चुकलं न्हाई?" मी विचारलं.

"नाही, आजी. माप बरोबर होतं. पण बाबांना दहा वर्षांनी मोठ्या माणसांच्या रांगेत उभं केलं. त्यांच्यात बाबांचं माप ठीक दिसलं. खऱ्या वयाला ते फार कमी आहे."

खरं वय लिहिलं असतं तर गोळ्या आधीच चालू झाल्या असत्या का, असं मी विचारलं. बाई हो म्हणाल्या. गोळ्यांनी आजार गेला नसता, पण काही दिवस धरून ठेवता आला असता, आणि तुम्ही त्यांना एकटं सोडलं नसतं, असंही म्हणाल्या.

आता गोळ्या चालू आहेत. फार फरक नाही. एका सकाळी मी त्यांच्यासमोर बसून सांगितलं, "म्या तुमचं वय खोटं लिवलं. तुमी आजारी होता आन् म्या तुमाला सोंगाड्या म्हटलं."

त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "कुणाला म्हटलीस?"

"तुमाला."

"मला? कवा?"

मी परत सांगितलं. ते म्हणाले, "न्हाई, तू कशाला म्हणशील?"

तिसऱ्यांदा मी सांगितलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर ऐकून घेतल्या असत्या.