आईंचा पोर्तुगीज दाखला

रविवारची सकाळ होती. आई ओट्यापाशी घावण्यांचं पीठ सारखं करत होत्या आणि माझा मुलगा फ्रिजला टेकून उभा होता. सुट्टीच्या दिवशी इतक्या लवकर उठलेला पाहिला, तेव्हाच मी ओळखलं की याला काहीतरी हवं आहे.

"आजी, तू पोर्तुगीज आहेस. माहितीये का तुला?"

आईंचा डाव हातातच राहिला. "कोण सांगता?"

आई म्हणजे माझ्या सासूबाई. माहेर गोव्यातलं, पेडणे तालुक्यातलं, तेरेखोल नदीच्या काठचं. लग्न होऊन त्या अंबरनाथला कारखान्याच्या चाळीत आल्या आणि सासरे गेल्यावर आमच्याबरोबर बदलापूरला राहायला आल्या. इतकी वर्षं इकडे काढूनही त्या चिडल्या किंवा दचकल्या की तोंडात गावची बोली येते. एरवी आमच्यासारखंच बोलतात.

मुलाला ठाण्याच्या ऑफिसात कुणीतरी सांगितलं होतं. गोव्यात पोर्तुगीजांचं राज्य असताना जो जन्मला, त्याला, त्याच्या मुलांना आणि नातवंडांना पोर्तुगाल आजही नागरिकत्व देतो. तो पासपोर्ट मिळाला की युरोपात कुठेही नोकरी करता येते. लागतो फक्त आजीचा तिथला जन्मदाखला आणि आजीची सही.

"अरे, पण ते गेले ना?" आई म्हणाल्या. "मी स्वतः बघितलंय त्यांना जाताना."

आम्ही सगळे हसलो. माझ्या नवऱ्याने पेपरातून मान वर केली नाही, पण त्याचं पान उलटायचं थांबलं होतं. आणि खरं सांगायचं तर माझ्याही डोळ्यांसमोर लगेच एक फोटो येऊन गेला: दगडी चौक, मागे ट्राम आणि स्वेटर घातलेला माझा मुलगा. पुढच्या आठवड्यात मी शेजारणीला हे सांगूनही टाकलं. दाखल्याचा पत्ता नव्हता तोवर.

आईंचे वडील तारी होते. तेरेखोल नदीवर त्यांची होडी होती. अलीकडच्या काठावर पोर्तुगीजांचं राज्य आणि पलीकडच्या काठावर हिंदुस्थान, अशी ती नदी. गोऱ्या शिपायांना गावात 'पाखले' म्हणायचे. धक्क्यावर त्यांची चौकी होती. होडीतून कोण उतरतं, बोचक्यात काय आहे, ते सगळं तपासायचे. एकदा एका उतारूने शेंगदाणे बांधून आणलेला पलीकडचा, इकडे बंदी असलेला मराठी पेपर होडीत सापडला. पेपर उतारूचा, पण मार खाल्ला तारीने. आईंनी तो दारातून पाहिला. तेव्हा त्या दहा-अकरा वर्षांच्या असतील.

त्याच चौकीवर आफ्रिकेतून आणलेला एक शिपाई होता. तोही पाखल्यांच्याच राज्यातला, समुद्रापलीकडून इथे पहाऱ्याला आणून ठेवलेला. आई त्याला कैऱ्या नेऊन द्यायच्या आणि तो मिठाबरोबर खाताना आपल्या भाषेत काहीतरी सांगत बसायचा. "त्याला पण घरची आठवण येत असणार," आई म्हणायच्या. "कळत काहीच नव्हतं, पण ऐकायला कोणीतरी हवं ना."

मग एका डिसेंबरात भारताचं सैन्य आलं, चौकी रिकामी झाली आणि नदी नुसती नदी राहिली. गावाने पेढे वाटले. आईंचे वडील खूप नाचले. पण हद्दच गेली, तशी हद्द ओलांडणारी माणसंही कमी झाली आणि वर्षभरात होडीचं काम निम्म्यावर आलं. "मोकळे झालो आणि रिकामेही झालो," असं ते हसत म्हणायचे म्हणे. मुंबईकडे कारखान्यात असलेला जावई त्यांनी शोधला तो त्यामुळेच.

माझ्या नवऱ्याच्या पेडण्यातल्या मामेभावाने दोन महिने खेपा घालून दाखल्याची नक्कल मिळवली आणि पणजीहून त्याचं इंग्रजी भाषांतर करून पाठवलं. पाकीट उघडलं आणि नवीच पंचाईत. दाखल्यातलं नाव आमच्या आईंचं नव्हतंच. लग्नात सासरच्यांनी त्यांचं नाव बदललं होतं, हे मला माहीत होतं. पण माहेरचं नाव तरी ओळखू यायला हवं होतं. पोर्तुगीज कारकुनाने ते आपल्या कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलेलं. मुलाने ते तीनदा मोठ्याने वाचलं, तेव्हा कुठे आई म्हणाल्या, "हां, हां. म्हणजे मीच."

तिन्ही नावं एकाच बाईची आहेत, असं प्रतिज्ञापत्र करावं लागणार होतं. त्यासाठी आई, मुलगा आणि मी उल्हासनगरला गेलो.

तिथे कॅम्प तीनमध्ये एका जुन्या बराकीला लागून एका सिंधी गृहस्थांचं टायपिंगचं दुकान आहे. माझ्या नवऱ्याच्या नोकरीच्या कागदांपासून फ्लॅटच्या करारापर्यंत आमचं सगळं त्यांच्याकडेच झालेलं. वय आईंच्याच आगेमागे. आता टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आला आहे, पण ते दोन बोटांनीच आणि तितक्याच जोरात बडवतात. आम्ही त्यांना अंकल म्हणतो. आई त्यांना भाऊ म्हणतात आणि ते आईंना अदी. सिंधीत अदी म्हणजे बहीण.

"बैठो अदी. देखू द्या काय कागद आहे." त्यांनी चष्मा पुसला आणि इंग्रजी भाषांतर वाचून हिंदीत सांगायला सुरुवात केली.

"लिखा है, फलाने दिन, पेडणे के दफ्तर में, हमारे सामने हाजिर हुआ... ये आपका बाप. धंदा नाव चलाने का. उसने बताया कि इस तारीख को सुबह चार बजे उसके घर लडकी पैदा हुई." पुढे आईंच्या आजोबांची नावं होती, दोन्हीकडच्या आज्यांची नावं होती. वडिलांच्या आईचं नाव ऐकून आई चमकल्या. ते त्यांना आजवर ठाऊकच नव्हतं. घरात सगळे तिला नुसती म्हातारी म्हणायचे.

"और लिखा है, बाप ने सही नहीं की, क्योंकि लिखना नहीं आता."

"नव्हतंच येत," आई म्हणाल्या.

तारखा टाइप करता करता अंकल मध्येच थांबले. आमच्याकडच्या सगळ्या कागदांवर आईंचा जन्म एक जूनचा. शाळेत घालताना मास्तरांनी ठोकून दिलेला. दाखल्यात मात्र ऑगस्टमधली तारीख होती, म्हणजे भर श्रावण. आणि नोंद त्यानंतर दोनच दिवसांनी.

"भाऊ, परत वाचा," आई म्हणाल्या. "नोंद कधीची?"

"तीसरे दिन की, अदी."

आईंनी पदर दोन्ही हातांनी मांडीवर घट्ट धरला. मला वाटलं, चक्कर येतेय की काय. मी पाण्याची बाटली उघडली.

"माका सगळी सांगत, तिसरां पण चेडूच झालां म्हणून बापूस तीन दिस घराक इलो नाय," त्या म्हणाल्या. मग अंकलना कळावं म्हणून मराठीत सांगितलं. तिसरी पण मुलगीच झाली म्हणून बाप तीन दिवस घरी फिरकला नाही, असं आत्या, काक्या, सगळ्या त्यांना हसत हसत सांगायच्या. आईंचं लग्न ठरलं, तेव्हाही कोणीतरी ते सांगितलंच होतं. वडिलांना मात्र त्यांनी कधी विचारलं नाही.

"पेडणे गाव से कितना दूर?" अंकलनी विचारलं.

"चालत चार तास तरी. पावसात जास्तच. वाटेत दोन ओहोळ."

"फिर तो दो दिन आने-जाने में गये, अदी. एक दिन दफ्तर में बिठाया होगा. सरकारी काम."

आईंनी कागद आपल्याकडे ओढून घेतला. मग म्हणाल्या, "दंड बसायचा ना नोंद नाही केली तर. त्या भीतीनं गेला असेल."

"दंड के डर से आदमी आखरी दिन जाता है," अंकल म्हणाले. "तीसरे दिन नहीं जाता. मेरे पास रोज लोग आते हैं, मेरे को मालूम है."

आई हसल्या आणि त्याच वेळी त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. माझ्या मुलाने खुर्ची जवळ ओढून त्यांचा हात धरला. मग अंकल स्वतःचं सांगू लागले. ते कराचीहून बोटीने आले, वडिलांच्या कडेवर. गोरे निघून गेले, देशाचे दोन तुकडे झाले आणि कागदपत्रांची ट्रंक बंदरावरच राहिली. या कॅम्पात नाव लिहिणाऱ्या बाबूने विचारलं, पोराचं वय काय? त्यांची आई बोटीतच आजारी पडून गेलेली आणि वडिलांना तारीख आठवेना. बाबूने पोराचे दात बघितले आणि लिहिलं, तीन वर्षं.

"दात बघून?" माझा मुलगा म्हणाला.

"हां बेटा, जैसे बैल का देखते हैं." आणि ते स्वतःच मोठ्याने हसले. मागची बराक त्यांनी आम्हाला दाखवली. इंग्रजांनी युद्धाच्या वेळी सैनिकांसाठी बांधलेली, मग निर्वासितांना दिलेली. एका खोलीत चार कुटुंबं, मध्ये गोणपाटाचे पडदे. ते तिथेच मोठे झाले.

आईंनी विचारलं, "भाऊ, तुमच्या त्या गावानं आज बोलावलं, तर जाल?"

अंकलनी विचार केला. "देखने जाऊंगा. एक बार घर देखूंगा, गली देखूंगा. रहने को नहीं जाऊंगा, अदी. रहने का तो इधर हो गया."

प्रतिज्ञापत्रावर आईंनी सही केली, माहेरचं आणि सासरचं, अशी दोन्ही नावं लिहून. माहेरचं नाव त्यांनी लग्नानंतर पहिल्यांदाच लिहिलं असावं. अक्षर छान आलं. मुलाने सोबत आणलेला पोर्तुगालचा अर्ज मात्र त्यांनी घडी घालून त्याच्या हातात परत दिला.

"हा नंतर बघू."

घरी आल्यावर नंतरही तो बघितला गेला नाही. दोन दिवसांनी त्यांनी नातवाला जवळ बसवलं. "माझ्या बापाला पाखल्यांनी मारलेलं मी बघितलंय. त्यांचा राग म्हणावा तर आता तोही राहिलेला नाही. पण त्यांची माणूस व्हायला मी सही नाही करणार. माझं मत इथं आहे, रेशन कार्ड इथं आहे, तुझा आजोबा इथं गेला. तुला जायचं तर जा, मी अडवणार नाही. पण आपल्या पासपोर्टवर जा."

"आजी, नुसती सही आहे ती! तू कुठे जाणार आहेस? सगळे करतात."

"करू देत. त्यांना मी वाईट म्हणत नाही."

मुलाने अर्ज टेबलावर टाकला आणि बाहेर निघून गेला. पुढे पंधरा दिवस तो आजीशी कामापुरतंच बोलला. मीही मनातून नाराजच होते. एकदा भाजी निवडताना मी म्हणालेच, "आई, त्याच्या आयुष्याचा प्रश्न होता." त्यांनी मान हलवली. "माहितीये गं. म्हणून तर झोप येत नाही मला. पण तरी नाही करवत." मी भाजीची पुढची जुडी सोडायला घेतली.

दाखला मात्र त्यांनी कपाटात ठेवला नाही. प्लास्टिकच्या पिशवीत घालून उशाशी ठेवला. कोणी आलं की दाखवायच्या. वाचता यायचा नाही, पण वडिलांचं नाव कुठल्या ओळीत आहे ते त्यांना बरोब्बर ठाऊक होतं. सोसायटीतल्या निम्म्या बायकांनी तो दाखला पाहिला असेल. ऑगस्टमध्ये आम्ही त्यांचा पहिला खरा वाढदिवस केला. अंकल पापडांचा मोठा पुडा घेऊन आले. मुलाने केक आणला, पण आजीच्या शेजारी बसला नाही.

दिवाळीनंतर तो मित्रांबरोबर गोव्याला गेला. समुद्रावरचे फोटो येत होते. चौथ्या दिवशी दुपारी त्याचा व्हिडिओ कॉल आला, माझ्या फोनवर. "आई, आजीला दे."

मित्रांना हॉटेलवर सोडून तो भाड्याच्या स्कूटरने एकटाच तेरेखोलच्या काठी गेला होता. नवऱ्याच्या त्या मामेभावाला विचारून त्याने जुना धक्का शोधला होता. आता तिथे पूल झाला आहे, चौकी नाही, घराच्या जागी कुणाचं तरी नारळी-पोफळीचं कुळागर आहे. आईंनी फोन दोन्ही हातांत धरला आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"डावीकडे दाखव. आणखी डावीकडे. तो कातळ दिसता? त्येच्या मागे होडी बांधीत."

"इथे?"

"हां, थंयच. घसरशील, शेवाळ असता. चपला काढ."

त्याने चपला काढल्या. फोन हलला, आकाश दिसलं, मग त्याचे पाय दिसले, घोट्यापर्यंत पाण्यात.

"आजी, मी जर्मनचा क्लास लावलाय," तो मध्येच म्हणाला. "बघू, जमलं तर आपल्याच पासपोर्टवर."

"बरां केलंस," आई म्हणाल्या. पण लक्ष त्यांचं पाण्याकडे होतं. "पाणी चाखून बघ. खारां काय गोडां?"

त्याने वाकून ओंजळ भरली, चाखलं आणि तोंड वाकडं केलं. "खारट आहे एकदम!"

"म्हणजे भरती चढता," बदलापूरच्या तिसऱ्या मजल्यावर बसून आई म्हणाल्या. "आता तू मागे हो, बाबा. काठावर बस जरा. पाणी उतराक लागलां की मग सांगतंय तुका, खंय काय होतां."

तो काठावर बसला.