पाच म्हणजे पोचलो

विमानतळाच्या दारात आई रडत होती आणि ताई मला आकडे विचारत होती.

"तीन?"

"निघालो."

"चार?"

"उशीर होईल."

"पाच?"

"पोचलो. ताई, पुरे ना, लोक बघतायत."

"बघू देत. उतरलास की पाच पाठव. मोठं काही लिहीत बसू नकोस. तुझं मोठं काही येईपर्यंत आम्ही इथे म्हातारे होऊ."

ते खरंच होतं. मला लिहायला वेळ लागतो, बोलायला त्याहून जास्त. शाळेत निबंधाची वही नेहमी मीच शेवटी द्यायचो. न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला डनेडिन नावाचं गाव आहे, तिथल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात कॅटलॉगचं काम मिळालं म्हणून मी लालबाग सोडत होतो. विमानतळावर ताईला काय सांगायचं हे मी आठवडाभर ठरवत होतो आणि ऐनवेळी मला त्यातलं काहीच सांगता आलं नाही. मी आत गेलो. दोन विमानं बदलून, थंडीने कुडकुडत डनेडिनला उतरलो आणि फोनवर एकच आकडा टाइप केला. ५. मिनिटभरात तिकडून उत्तर आलं. ५.

हे आकडे कुठून आले ते सांगायला हवं. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे घर सोडून गेले आणि जे मागे राहिले, त्या सगळ्यांच्या घरात असं काहीतरी असणारच. आमच्याकडे आकडे होते.

सुलभाताई माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. आमचे बाबा गिरणीत होते. गिरणी बंद पडली त्याच सुमारास ताई परळच्या एका पेजर कंपनीत ऑपरेटर म्हणून लागली. मोबाइल अजून सामान्यांच्या हातात आला नव्हता. कमरेला पेजर लावलेला माणूस म्हणजे डॉक्टर, दलाल नाहीतर औषध कंपनीचा विक्रेता. त्याला निरोप द्यायचा तर कंपनीला फोन करायचा, ताईसारखी एखादी मुलगी तो ऐकून टाइप करायची, आणि पाठवण्याआधी शब्दन् शब्द वाचून दाखवायची. "रिपीट करते," असं म्हणून. ही सवय तिला इतकी लागली की भाजीवाल्याने दर सांगितला तरी ती म्हणायची, "रिपीट करते."

शेजारच्या खोलीत नाना परब राहायचे. मालवणचे, गिरणीतून निवृत्त झालेले. त्यांचा मुलगा औषध विक्रेता, म्हणून पेजरवाला. एका रविवारी ताई घरी असताना नानांनी आमच्या दारातूनच निरोप सांगितला. खाली वाण्याकडच्या फोनवरून तिने तो ऑफिसात कळवायचा होता.

"लिव गो सुलभा. मेल्या, खंय उलथलंस? बांगडे थंड झाले."

"रिपीट करते, नाना. जेवण तयार आहे. वडील वाट बघत आहेत."

"ह्या मी खंय बोललंय?"

"मेल्या चालत नाही. कंपनीचा नियम आहे."

"मग बांगडे थंड झाले ता त्याका कळतला कसा?"

"घरी आला की कळेल की."

नंतर कंपनीने काही महिने दुहेरी पेजर आणून पाहिले. त्यावर निरोप यायचा आणि उत्तरही पाठवता यायचं. टाइप करण्याची सोय नव्हती. आत आठ तयार उत्तरं होती, त्यातलं एक निवडून बटण दाबायचं. चाचणीसाठी एक संच ताईला मिळाला. ती उत्तरं इंग्रजीत होती. ताईने ती मराठीत लिहून कागद स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवला. एक, हो. दोन, नाही. तीन, निघालो. असं करत आठ, पुन्हा सांगा.

महिन्याभरात आख्खा मजला आकड्यांत बोलायला लागला. आई आतून विचारायची, "भात लावू का?" बाहेरून आम्ही ओरडायचो, "एक!" नाना पिशवी घेऊन जिना उतरताना "तीन" म्हणायचे. ताईला लग्नाबद्दल कुणी विचारलं की ती हसून "दोन" म्हणायची आणि विषय संपायचा. आईला मात्र आठ सगळ्यात आवडला. मी बी.ए.ला कॉलेजात पहिला आलो ते ताईने वाचून दाखवलं तेव्हा आई कढई सोडून दारात आली आणि म्हणाली, "आठ." ताईने पुन्हा वाचलं. आई म्हणाली, "आठ." तिसऱ्यांदा वाचेपर्यंत भाजी करपली. ती करपलेली भाजी आम्ही कौतुकाने खाल्ली.

त्या दुहेरी पेजरचं तंत्र ताईने मला गच्चीत उभं राहून समजावलं होतं. "हे बघ, निरोप पाठवायला एक उंच टॉवर पुरतो. त्याचा आवाज मोठा, शहरभर जातो. पण खिशातल्या एवढ्याशा डबीचा आवाज केवढा असणार? तो ऐकायला जागोजागी कान लावावे लागतात. एक भायखळ्याला, एक करी रोडला, एक अँटॉप हिलला. बोलायला एक पुरतो रे, ऐकायला खूप लागतात." आणि समोरचा टप्प्याबाहेर असला तर? "तर निरोप थांबून राहतो. तो टप्प्यात आला की पोचतो."

मग मोबाइल आले, पेजर गेले, कंपनीही गेली. ताई एका दवाखान्यात स्वागतकक्षात बसू लागली. डबी कपाटात पडली. आकडे राहिले.

डनेडिनमध्ये मी अठरा वर्षं काढली. भाड्याच्या खोलीतून घरात गेलो, हीटरची सवय झाली, समुद्रावरचा वारा कुठल्या दिशेचा आहे ते बघून कोट निवडायला शिकलो. सहकारी प्रेमळ आहेत. पण सुट्टीची गोष्ट वेगळी. आमच्या सेमिस्टरच्या परीक्षा बरोबर दिवाळीच्या आसपास येतात आणि तेव्हा ग्रंथालय सोडणं कठीण. मी मुंबईला जायचो ते जानेवारीत. अठरा वर्षांत एकही दिवाळी मी घरी पाहिली नव्हती.

आणि आमच्या चाळीची दिवाळी म्हणजे दिवाळी अंक. दुसऱ्या मजल्याच्या जिन्यापाशी एक लाकडी कपाट आहे. तेच आमचं वाचनालय, आणि ताई त्याची सर्वेसर्वा. वर्गणी काढून वीसेक अंक यायचे. प्रत्येक अंकाच्या पाळ्या लागायच्या, एकेकाला तीन दिवस. नावं ती गणपती झाल्यावरच घ्यायची आणि यादी कपाटाच्या दाराला आतून लावायची. नियम एकच. दिवाळीला जो चाळीत हजर, त्याचंच नाव. मी दरवर्षी फोनवर गयावया करायचो.

"माझं नाव घाल ना. जानेवारीत येईन तेव्हा वाचतो."

"हजर असशील तेव्हा घालीन."

"अगं, सख्खा भाऊ ना मी?"

"म्हणून तर. लोक काय म्हणतील, भावाला पाळी दिली न येता?"

या वर्षी गणपती विसर्जनानंतर चार दिवसांनी तिचा संदेश आला. "यंदा दिवाळीला? १ की २?"

मी कामावर होतो. रजेचा अर्ज दिलेला होता, मंजुरी यायची होती. एक पाठवावं आणि मग दोन म्हणावं लागलं तर? मी ठरवलं, मंजुरी आली की पाठवू. दुसऱ्या दिवशीही आली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मुंबईत दूध तापवता तापवता ताई खाली बसली आणि परत उठली नाही. आईचा फोन आला तेव्हा माझ्या हातात पुस्तकांची गाडी होती.

विमानात सोळा-सतरा तास मला एकच गोष्ट कुरतडत होती. जिने आयुष्यभर लोकांचे निरोप पोचवले, कुणाला उत्तराविना ठेवलं नाही, तिला मी तीन दिवस उत्तराविना ठेवलं. एक बटण दाबायचं होतं. वाट बघून ती गेली का? रुसून गेली का? आईला विचारायचं धाडस मला झालं नाही. तेरा दिवस घरात माणसांचा राबता होता, आणि मी सगळ्यांना चहा देत होतो.

चौदाव्या दिवशी सकाळी दारात नाना उभे राहिले. आता नव्वदीला टेकलेले, पण आवाज तोच.

"कपाटाची चावी खंय असा? पेपरवालो अंकांचा विचारता हा. किती धाडूचे?"

चावी खिळ्याला होती. मी, आई आणि नाना जिन्यापाशी गेलो. मी दार उघडलं. आतून यादी लावलेली होती, ताईच्या टपोऱ्या अक्षरात. नेनेकाकू. सावंत वहिनी. प्रकाश. आई. पाचवं नाव दीपू. त्याखाली नाना परब.

दीपू म्हणजे मी.

मी त्या नावावर बोट ठेवलं. "आई, हे कधी लिहिलं तिने?"

"त्याच दिवशी. तुला विचारलं त्या संध्याकाळी."

"पण मी उत्तरच दिलं नव्हतं गं."

"तेच मी म्हटलं तिला. म्हटलं, अगं त्याचं उत्तर तरी येऊ दे. तर हसायला लागली. म्हणाली, नाही म्हणायचं असतं तर दोन पाठवायला त्याला मिनिट लागत नाही. अठरा वर्षं पाठवतोय. या वेळी गप्प आहे ना? म्हणजे येतोय. हो म्हणायला त्याला नेहमीच वेळ लागतो."

नाना म्हणाले, "आणि माझो नंबर तुझ्या खाली घातल्यान! मी भांडलंय तिच्याशी. म्हटलंय, ह्यो एकेक पान तासभर वाचता. माझी पाळी शिमग्याक येतली."

मी हसलो. चौदा दिवसांत पहिल्यांदा. मग रडलो, मग पुन्हा हसलो. आई पदराने माझं तोंड पुसत होती आणि नाना विचारत होते, "मगे? किती धाडूचे सांगू पेपरवाल्याक?"

"ताईने ठरवलेत तेवढेच."

त्याच दुपारी मी ग्रंथालयाला लिहिलं. रजा वाढवून हवी, दिवाळी संपून माझी पाळी होईपर्यंत. कारणात मी खरं तेच लिहिलं. माझ्या वरिष्ठ बाईंनी दोन ओळींत मंजुरी कळवली आणि खाली विचारलं, मासिक वाचायला पाळी लावणारी ही चाळ नेमकी कुठे आहे?

घरात दुःख म्हणून आम्ही कंदील लावला नाही, फराळ केला नाही. चाळीने ते मानलं आणि आमच्या दारात इतके डबे आणून ठेवले की पाय ठेवायला जागा उरली नाही. अंकांचा गठ्ठा आला तेव्हा दोरी कापायचा मान आईला मिळाला. नव्या कागदाचा वास जिनाभर पसरला. तो वास मी रोजच्या कामात घेतो, पण तो असा नसतो. इथे सात-आठ माणसं डोकी एकत्र करून एकाच वेळी घेत होती, आणि सावंत वहिनी ओरडत होत्या, "अरे हात पुसा आधी, चकलीचे डाग पडतील!"

माझी पाळी आली. मी तीन दिवस गॅलरीत खुर्ची टाकून बसलो. तिसऱ्या दिवशी नाना दर तासाला येऊन डोकवायचे.

"झाला?"

"चार, नाना."

"मेल्या," नाना म्हणाले, "आता कंपनी नाय, आता चलता."

संध्याकाळी मी तो अंक त्यांच्या हातात दिला. यादीत माझ्या नावापुढे खूण करायला ताईचंच पेन वापरलं. ती हजर असती तर म्हणाली असती, रिपीट करते, दीपू, तीन दिवस, वेळेवर परत.

निघताना या वेळी विमानतळावर आकडे आईने विचारले. ताईचा फोन आता ती वापरते. वापरते म्हणजे आलेला उचलते. संदेश पाठवणं तिने कधी शिकून घेतलं नव्हतं, ते खातं ताईचं होतं.

डनेडिनला उतरलो तेव्हा ऊन होतं. बसची वाट बघत बाकावर बसलो आणि ताईच्या नंबरावर पाठवलं. ५.

फोन बराच वेळ गप्प होता. मला डोळ्यांसमोर दिसत होतं, आई चष्मा शोधतेय, नाना शेजारून सूचना देतायत, सावंत वहिनी "इथे दाबा, इथे" म्हणतायत. बस आली, मी ती जाऊ दिली. घर म्हणजे काय, हे मी अठरा वर्षं पुस्तकांत शोधत होतो. भिंती, गाव, भाषा, काय काय लिहिलेलं असतं. मला आता एवढंच वाटतं की आपण गप्प राहिलो तरी जिथे ते नीट ऐकलं जातं, ते घर. ताईने जागोजागी कान लावून ठेवलेत. ती गेली, तरी ते काढलेले नाहीत.

मग फोन वाजला. ताईच्या नावाखाली, आईच्या बोटाने लिहिलेलं पहिलं अक्षर.

८.

मी पुन्हा पाठवलं. ५.