दुसऱ्याच्या खुर्चीत

मुलाचे केस दुसऱ्या कुणीतरी कापले आहेत, हे सलूनवाल्यांना रस्त्याच्या पलीकडूनच दिसलं आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मुलगा अठराचा. कॉलेज अर्ध्यावर टाकलं, पिऊन घरी यायला लागला आणि एका संध्याकाळी दुकानातला मोठा आरसा फोडून जो गेला, तो टायरच्या वर्कशॉपवरच्या खोलीत मित्रांबरोबर राहू लागला. तेही त्यांनी एकवेळ सोसलं. पण त्या डोक्याला आजवर त्यांच्याखेरीज कुणाची कात्री लागली नव्हती. मागे दोन भोवरे होते. नवखा कारागीर तिथे हमखास फसायचा आणि केस साळिंदरासारखे उभे राहायचे. आज मात्र ते नीट बसले होते. वाईट कापले असते तर सलूनवाल्यांना जेवण तरी गोड लागलं असतं.

"कुणाकडे जातो तो?" त्यांनी ताटावरच बायकोला विचारलं.

"पुलापलीकडच्या लंबूकडे."

"तुला काय माहीत?"

"मला सांगतो की."

म्हणजे हिच्याशी बोलतो! त्यांनी ताट बाजूला सरकवलं. "एवढं काय सोनं लागलंय त्या लंबूच्या कात्रीला?"

"जाऊन बघा. तुमचेही केस वाढलेत. तेवढाच बिचाऱ्याला धंदा."

महिनाभर धुमसून एका भरदुपारी दुकानाला कुलूप ठोकून ते पूल ओलांडून गेले. लंबूचं दुकान बघून त्यांना जरा बरं वाटलं. खुर्चीचं रेक्झिन फाटलेलं, फरशीवर सकाळपासूनचे केस तसेच.

"अरेच्चा, शेठ! तुमची कात्री मोडली की काय?" लंबू म्हणाला.

"स्वतःच्या मानेमागे हात पोचला असता तर आलो नसतो."

लंबूने हसून कपडा झटकला आणि त्यांच्या गळ्याला बांधला. नंतर त्याने तोंडच उघडलं नाही. नुसती कात्री चाललेली. सलूनवाल्यांना चैन पडेना.

"तुम्ही बोलत नाही वाटतं?"

"गिऱ्हाईक बोललं तर ऐकतो. तुमचं पोरगं मात्र बडबडं आहे हो!"

बडबडं! घरात ज्याचं 'हं'च्या पुढे कधी गेलं नाही, ते पोर इथे बडबडतं! कपडा टराटरा फाडून उठावं असं त्यांना झालं.

"काय बोलतो?"

"ते त्यालाच विचारा. आलाच बघा."

मुलगा दारात थबकला. आरशात दोघांची नजरानजर झाली. सलूनवाल्यांनी तोंड उघडलं, तोच लंबू म्हणाला, "हलू नका, वस्तरा मानेवर आहे."

मुलगा मागच्या बाकावर बसला. "कसं वाटतंय, बाबा?" तो आरशातल्या चेहऱ्याला म्हणाला. "मला असंच बांधून ठेवायचात. मग मार्क, मित्र, एकेक काढायला सुरुवात. मान हलवली की टपली. उठून जायची सोय नाही. त्या आरशात मला सारखं तुमचंच तोंड दिसायचं. म्हणून फोडला."

सलूनवाल्यांच्या जिभेवर दहा उत्तरं आली. कपड्याखाली हात अडकलेले, मानेवर पातं. पोर कपड्याखाली गप्प सापडतं, म्हणून त्यांनी सगळी बोलणी तिथेच उरकली होती. ती त्यांना सोय वाटायची.

वस्तरा बाजूला झाला. उठून सरळ घरी जाता आलं असतं, पण ते बाकावर जाऊन बसले. खुर्चीत मुलगा बसला. लंबूची लांब बोटं त्याच्या केसांत शिरली, पोराने डोळे मिटून मान सैल सोडली. त्यांच्या हाताखाली ती मान कायम ताठ असायची. ते आतल्या आत जळत राहिले. त्यातून लंबूने डावा भोवरा आधी घेतला! उजवा आधी घ्यायचा असतो. सलूनवाल्यांनी गुडघे घट्ट धरले.

मुलाने डोळे उघडले. "बोला. काहीतरी चुकतंय ना त्याचं?"

"नाही. चालू दे."

मुलाने पुन्हा डोळे मिटले.

"मग थांबा. बरोबर येतो."

"घरी?"

"पुलापर्यंत."

पुलापर्यंत तर पुलापर्यंत. लंबूचे हात आता तरी त्या डोक्यावरून कधी निघतात, याची वाट बघत सलूनवाले बसून राहिले.