मालतीवहिनींच्या डोक्यातला खळगा

मालतीवहिनी गेल्याचा फोन त्यांच्या नातसुनेने, सविताने केला. वय झालं होतं, झोपेतच गेल्या, त्यामुळे रडारड फारशी नव्हती. बोलणं संपता संपता ती म्हणाली, "आजोबा, शेवटची अंघोळ घालताना आजींच्या उजव्या कानाच्या वर हाताला खळगा लागला. रुपया मावेल एवढा. खाली हाडच नाही... कशाचा हो तो?" मी "नंतर सांगतो" म्हणून फोन ठेवला. वहिनींनी म्हातारपणीही कुणाला केसांना हात लावू दिला नव्हता, आणि ज्यांना ठाऊक होतं त्यांच्यातला मीच तेवढा उरलोय. म्हणून आता सवडीने लिहितो.

निजामाचं राज्य होतं. आम्ही मूळ बोरीचे, पण थोरला भाऊ परभणीला सरकारी शाळेत मास्तर, म्हणून आई, दादा, वहिनी आणि कचेरीत बिनपगारी उमेदवारी करणारा मी, असे चौघे तिथे राहत होतो. आई विधवा. त्या काळच्या आमच्या रीतीप्रमाणे वडील गेले तेव्हाच तिचं केशवपन झालं होतं. दर महिन्याला हजाम यायचा, आणि ती पदर कपाळापर्यंत ओढून घरात वावरायची. मी तिचं डोकं कधी पाहिलं नव्हतं. वहिनींचे केस मात्र गुडघ्यापर्यंत, आणि त्यांचा तोरा वहिनींपेक्षा आईलाच जास्त.

एका सकाळी माळ्यावरचा पितळी हंडा वहिनींच्या डोक्यात पडला. क्षणभर डोळे फिरले, मग उठून बसल्या. माझा चेहरा बघून म्हणाल्या, "भाऊजी, हंड्याला पोचा आलाय का ते बघा आधी." भाकरी थापल्या, आम्हाला वाढलं. दुपारी डोकं दुखतंय म्हणून आडव्या झाल्या, त्या हलवूनही उठेनात. टांग्यात घालून सरकारी दवाखान्यात नेलं.

डॉक्टर हैदराबादेहून नुकते बदलून आले होते. त्यांनी पापण्या उचलून पाहिल्या. उजव्या डोळ्याची बाहुली मोठी झाली होती, डावी लहानच. कवटीच्या आत शीर फुटलीय, रक्त साचून मेंदू दबायला लागलाय, असं त्यांनी दादाला समजावलं. मधले काही तास माणूस चांगला हिंडतो-फिरतो, तेच फसवं. कवटीला भोक पाडून रक्त काढलं तर वाचतील. असं ऑपरेशन त्यांनी हैदराबादेत पाहिलं होतं, स्वतः केलं नव्हतं. तेही त्यांनी लपवलं नाही.

दादा हो म्हणाला. आई नाही म्हणाली. भोक पाडण्याला नव्हे, वस्तऱ्याला. नवरा समोर उभा असताना सवाष्णीचं डोकं करायचं म्हणजे त्याचं मरण मागून घेणं... वहिनींच्या केसांवर हात ठेवून ती उभी राहिली. "एका बाजूचे काढा. बाकीचे राहू द्या." डॉक्टर म्हणाले, रक्त उजवीकडेच असावं, पण न सापडलं तर लगेच डावीकडे पाहावं लागेल, तेव्हा केस काढत बसायला वेळ नसेल. मग हळूच म्हणाले, "बाल फिर आ जाते, माँ." दवाखान्याचा हजामही दारातच थबकला. "मला न्हाई जमायचं, साहेब. सवाष्ण हाय ती." दादा नुसता आईकडे बघत राहिला. एवढा शिकलेला माणूस, पण आईला बाजूला सारेना. मला त्याचा राग आला, आणि खरं सांगायचं तर तो अजून गेलेला नाही.

वहिनींचा श्वास घरघरायला लागला. आईने तो ऐकला आणि डोक्यावरचा पदर मागे टाकला. परक्या पुरुषांसमोर. "माझं केलं तेव्हा मला कुणी विचारलं न्हाई," ती हजामाला म्हणाली. "जिवंतपणी मेल्यासारखं झालं, तरी केलं. हिचं जगवायला करायलेत. कर तू, डोकं मी धरते."

रक्त उजवीकडेच निघालं, काळं, गोठलेलं. दोन-तीन दिवसांनी वहिनी बोलायला लागल्या. काढलेलं हाड परत बसवता आलं नाही. तिथे नुसती कातडी राहिली, हात ठेवला की खाली ठोके लागायचे.

महिना भरल्यावर आमचा नेहमीचा हजाम आला. आईने त्याला दारातूनच परत पाठवलं. दादाने विचारलं तर म्हणाली, "ती वाढवायलीय, मी पण वाढवते. एकटीला लाज वाटंल तिला." सासू-सुनेचे केस बरोबरच वाढले. बोरीच्या भाऊबंदांनी आईच्या हातचं पाणी बंद केलं, तर तिने बोरीला जाणंच बंद केलं. रोज सकाळी ती वहिनींना पुढ्यात बसवायची, फणीचा दात लागू नये म्हणून डाव्या तळव्याने खळगा झाकायची आणि भोवतीने विंचरायची. मग वहिनी तिला विंचरायच्या. वहिनी तिला आत्याबाई म्हणत. पुढे आई गेली, कितीतरी वर्षांनी दादाही गेला.

हे लिहायला बसण्याआधी सविताला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आजोबा, आजी विंचरताना डावा हात तिथंच ठेवायच्या. रोज. मी विचारायचे, डोकं दुखायलंय का? आम्हाला वाटायचं, वयामुळे काहीतरी बोलतात. म्हणायच्या, न्हाई ग, हा आत्याबाईंचा हात हाय."