दिल्लीच्या चर्चमधलं एक पत्र

सदुसष्टाव्या वर्षी मी दिल्लीला गेले ती भांडायच्या तयारीने. माझ्या भाच्याच्या, अमोलच्या, चर्चने म्हणे सरकारला पत्र लिहायचं ठरवलं होतं, की दोन पुरुष किंवा दोन बायका संसार करत असतील तर कायद्याने त्यांना एकमेकांचे नातेवाईक माना. चर्च, आणि हे? कॉन्व्हेंटमध्ये दहा वर्षं गुडघे टेकलेत मी. विश्वास बसेना. कुणी आडवं आलंच, तर पोरांच्या बाजूने भांडणार होते. गेल्या वर्षी अमोलच्या ऑपरेशनच्या फॉर्मवर सही करायला मला पुण्याहून धावावं लागलं. अकरा वर्षं त्याच्यासोबत राहणारा विवेक बाहेर बाकावर बसून होता. हॉस्पिटलच्या लेखी तो कुणीच नव्हता.

विमानाने गेलात तर जमल्यास टर्मिनल एकवर उतरा. तिथून मेट्रोची मजेंटा लाइन थेट मुनिरक्याला, अमोलच्या घराजवळ, नेते, टॅक्सीवाल्यांशी हुज्जत नाही. जानेवारीत शाल हवीच. घरी विवेकने राजमा-चावल केला होता. राजमा माझ्यापेक्षा बराच मऊ.

रविवारी आर. के. पुरमजवळच्या चर्चमध्ये उपासनेनंतर पास्टरांनी पत्र वाचलं. ‘एकत्र राहणाऱ्या मित्रांना सहानुभूती दाखवावी...’ पुढच्या बाकावरचे मसीह अंकल जोरात खाकरले. हे निवृत्त सरकारी अधिकारी सकाळपासून अमोल-विवेककडे वळून वळून बघत होते. मी पदर खोचला.

“पास्टर साहब, ये चिट्ठी नहीं चलेगी,” अंकल म्हणाले.

“घ्या!” मी पुटपुटले.

“तीस साल फाइलें देखी हैं. दोस्त लिखोगे तो बाबू लौटा देगा. दोस्तों के लिए कौन-सा कानून बनता है? जीवनसाथी लिखिए. सहानुभूति काटिए, हक़ लिखिए. और एक असली नाम दीजिए. अस्पताल में किसको रोका था?”

नाव दिलं की ऑफिस, घरमालक, सगळ्यांना कळणार. अमोल मान खाली घालून बसला होता. विवेक उठला.

“मुझे, अंकल.”

मग अमोलही उभा राहिला. “मरीज़ मैं था.”

पास्टरांनी सगळ्यांसमोर आपलं वाक्य खोडलं. पाद्री चूक कबूल करताना मी जन्मात पहिल्यांदा पाहिला. काहीजण चहा न घेताच निघून गेले, तेही सांगते. पण पहिली सही मसीह अंकलची होती आणि मागे रांग लागली. मी पास्टरांना विचारलं, “मैं तो पुणे की हूँ, चलेगा?”

“आंटीजी, फ़ॉर्म पर साइन आपने किया था. गवाह तो आप ही हैं.”

पत्राला अजून उत्तर नाही. पुण्यात परतले तर शेजारच्या शिंदेबाईंनी जिन्यातच गाठलं.

“भाचा बरा आहे ना? आणि त्याचा तो मित्र?”

अकरा वर्षं ‘मित्र’ हा शब्द त्यांना मीच पुरवला होता. मी बॅग खाली ठेवली.

“जोडीदार,” मी म्हटलं. “विवेक अमोलचा जोडीदार आहे. या आत, राजमा कसा करतो ते सांगते.”