पूर्णेत गेलेली पदकं

माझ्या नवऱ्याच्या फौजेच्या पुस्तकात पदकांचा एक रकाना होता आणि त्या रकान्यात आडवी रेघ होती. तो जिवंत होता तोवर मी ती रेघ पाहिली नव्हती. पाहिली असती तरी काही वाटलं नसतं.

विद्यापीठाच्या नावावरून दंगल झाली आणि आमच्या वस्तीला आग लावली, तेव्हा तो मरून चार वर्षं झाली होती. मी घरातून फक्त ते पुस्तक घेऊन पळाले, कारण काहीही झालं तरी हे सोडायचं नाही असं तो सांगून गेला होता. ज्वारी कमरेएवढी झाली होती. आम्ही बायका तिच्यात खाली बसून राहिलो. ताटांमधून मला आग लावणाऱ्यांतला एकजण दिसला. तोंडाला फडकं होतं, पण त्याची डावा पाय टाकायची पद्धत ओळखू आली. तो पाटलांचा मुलगा होता. हे मी कुणाला सांगितलं नाही, माझ्या मुलालाही नाही.

माझं निम्मं घर जळालं. पंचनाम्याला तलाठी आणि एक हवालदार आले. हवालदार माझ्याच बाजेवर बसून मला अगंतुगं करत काय काय जळालं ते विचारत होता. मी पुस्तक पुढे केलं. ते पाहून तो बाजेवरून उठला. मालक फौजेत होते का, असं त्याने विचारलं, आणि 'तुम्ही' म्हणाला. मग पानं उलटली, त्या रेघेवर बोट ठेवलं आणि परत खाली बसला. "स्वयंपाकी असंल," असं तलाठ्याला म्हणाला.

त्याचं उठणं आणि बसणं, दोन्ही माझ्या डोक्यात राहिलं. पुढच्या वेळी माणसं येतील तेव्हा घरात असा कागद पाहिजे की वाचणारा उभा राहील, एवढं मला कळलं. नवऱ्याचा मान वगैरे मला नको होता. मला भीती वाटत होती आणि तिच्यावर दुसरा इलाज दिसत नव्हता.

पदकं तीन होती. मला पक्कं माहीत होतं, कारण मी ती चिंचेने घासली होती. एक गोल, त्यावर राजाचं तोंड. दोन चांदणीसारखी. नवरा ब्रह्मदेशातल्या लढाईवरून घरी आल्यावर दोन-तीन वर्षांनी ती टपालाने आली. पुस्तक त्याच्या हातात फौज सोडतानाच पडलं होतं, म्हणून त्यात रेघ राहिली. पदकं आल्यावर माझ्या सासूने ती देव्हाऱ्यात ठेवली, देवांच्या टाकांशेजारी. टाक म्हणजे पत्र्यावर ठोकलेले देव. मुलगा लढाईतून जिवंत आला तो ह्या चांदण्यांमुळेच, असं तिच्या डोक्यात बसलं होतं. ती रोज टाकांना हळदकुंकू लावायची तसं पदकांनाही लावायची. राजाच्या नाकावर कुंकवाचा थर साचायचा आणि तो मला घासून काढावा लागायचा.

मग आम्ही दीक्षा घेतली आणि घरात देव ठेवायचे नाहीत असं ठरलं. सासू अर्धवट काम करणारी नव्हती. तिने सगळा देव्हारा पिवळ्या फडक्यात बांधला आणि पूर्णेच्या डोहात नेऊन टाकला. पदकांसह. तिच्या लेखी तेही देवच होते. नवरा जिंतूरच्या बाजाराहून आला तेव्हा मी भीत भीत त्याला सांगितलं. तो म्हणाला, "बरं झालं. राजा बी बुडाला." मात्र पुढचा महिनाभर तो आंघोळीला त्याच डोहावर जायचा आणि बुड्या मारायचा. काही सापडलं नाही. पुढे येलदरीला धरण झालं आणि तो डोह फुगवट्याखाली गेला.

दंगलीनंतरच्या उन्हाळ्यात मी परभणीला माजी सैनिकांच्या कचेरीत गेले. मुलगा येलदरीच्या वीजघरात रोजंदारीवर होता. त्याने मला अडवलं. "माय, कशाला आपलं नाव पुढं करायलीस? गप बस," म्हणाला. मी डोळे दाखवायला चालले असं एस.टी.त सांगितलं. पुस्तक पोटाशी होतं. शेजारची बाई सारखी माझ्या पोटाकडे पाहत होती आणि मी पदर ओढून घेत होते.

कचेरीतला माणूस स्वतः फौजेतून आलेला होता. तो मला मावशी म्हणाला, बसायला खुर्ची दिली. त्याने सांगितलं की पलटणीच्या दफ्तरात यादी असते, नंबर जुळला तर रेघ खोडून नोंद करतील. पण दोन गोष्टी पाहिजेत. पदकं कुठं गेली त्याचं शपथपत्र, आणि पदकं आलेली पाहिली अशी गावातल्या जुन्या माणसाची गवाही. दंगलीला वर्षही झालं नव्हतं, आणि आम्ही देव नदीत टाकले हे कागदावर लिहून द्यायचं. आणि पदकं आलेली पाहिलेला जुना माणूस गावात एकच उरला होता. ते पाटील.

जिंतूरला तहसिलीसमोर लिंबाखाली एक म्हातारा अर्जनवीस बसायचा. त्याने माझं सगळं ऐकलं, इकडंतिकडं पाहिलं आणि हळूच म्हणाला, "बाई, दंगलीत जळाली म्हनून लिहितो. कोण विचारतंय?" मलाही तेच बरं वाटलं. पण पंचनाम्यावर माझी सही होती. त्यात जातं, दोन गोधड्या, ज्वारीचं पोतं आणि पेटी होती, पदकं नव्हती. शिवाय जळाली म्हटलं की कुणी जाळली हा प्रश्न येतो. त्याचं उत्तर माझ्याजवळ होतं, म्हणून तर भीती जास्त. मी त्याला खरं ते लिही म्हणाले. त्याने लिहिलं, पण परत वाचून दाखवताना त्या एका ओळीवर आवाज खाली नेला.

पाटलांकडे जायचं मी आठ दिवस टाळलं. पदकांचं पार्सल त्यांच्याच ओसरीवर फोडलं होतं. तेव्हा वस्तीचं टपाल त्यांच्याकडेच यायचं. मी शेवटी गेले तेव्हा सकाळची वेळ होती. पाटील बाजेवर बसले होते. मोतीबिंदूने त्यांना दिसत नव्हतं. त्यांचा तो मुलगा खांबाला टेकून सुपारी कातरत होता. मी पायरीखाली उभी राहिले.

"कोण हाय?" पाटलांनी विचारलं.

"फौजीची बायको."

अडकित्त्याचा आवाज थांबला. मी काम सांगितलं. मुलगा म्हणाला, "आता ह्यायला पदकं बी लागायलेत." काय लिहिलंय ते वाचा, असं पाटील म्हणाले. मी कागद मुलापुढे धरला, त्याने हात पुढे केला नाही.

"तूच वाच," पाटील म्हणाले. "तुला येतंय ना."

मला येत होतं. माझा बाप सेलूला रेल्वेत गँगमन होता म्हणून चौथीपर्यंत शाळा मिळाली होती. त्या दिवशी ती नसती मिळाली तर बरं, असं वाटलं. मी वाचत गेले. नाव, गाव, नंबर, लढाई. त्या ओळीशी आले आणि थांबले.

"थांबलीस काहून?"

मी वाचलं. आमच्या घरातील सर्व देव व त्यांच्यासोबत सदर तीन पदके माझ्या सासूने धर्म बदलल्यावर पूर्णा नदीत टाकली.

गोठ्यात बैलाच्या गळ्यातली घंटी वाजत होती, तेवढीच.

"त्यात खंडोबाचा टाक व्हता?" पाटलांनी विचारलं.

"व्हता."

"चांदीचा?"

"व्हय."

"तो माझ्या आजानं दिला व्हता तुमच्या घराला."

हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी त्या पायरीपर्यंत आलेच नसते. मुलाने अडकित्ता खाली ठेवला आणि पाय जवळ घेतले. मागे फाटक उघडं आहे की लावलंय, हे मला आठवेना आणि वळून पाहायची हिंमत होईना.

"मला ठाव नव्हतं, पाटील," मी म्हणाले.

"तुझ्या सासूला ठाव व्हतं." मग त्यांनी विचारलं, "आन त्या पदकांचं करायचंय काय तुला? ती काय निघायची न्हाईत आता."

नातवाच्या शाळेसाठी लागतात, असं खोटं मी घरून तयार करून आणलं होतं. ऐन वेळी ते आठवलंच नाही. "कागद पायजे," मी म्हणाले. "भिंतीला लावायला."

"काहून?"

"पुढच्या बारीला कोणी आलं तर वाचतील म्हनून."

मी पाटलांकडेच पाहत राहिले. मुलाकडे पाहिलं असतं तर मला माहीत आहे हे त्याला कळलं असतं, आणि मग मला त्या गावात राहता आलं नसतं. पाटलांना दिसत नव्हतं, पण त्यांनी तोंड मुलाकडे वळवलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं. त्यांना कुणी सांगितलं होतं की त्यांनी ओळखलं होतं, मला आजही माहीत नाही.

मग ते म्हणाले, "त्यातली एक चांदणी मी अंगरख्याला लावून आरशात पाह्यली व्हती. ते लिव्हलंय का?"

"न्हाई."

"लिव्हू नको."

मी त्यांचं बोट कागदाच्या डाव्या कडेला नेऊन टेकवलं. ते म्हणाले, उजवीकडं ने, निजामाच्या शाळेत शिकलोय मी. त्यांनी उर्दूत सही केली. मी कागद घेतला आणि फाटकापर्यंत चालत गेले. ते उघडंच होतं. फाटकाबाहेर आल्यावर पळाले.

उत्तराला वर्षाच्या वर लागलं. एवढा काळ मला रोज वाटायचं की उत्तराऐवजी पोलीस येतील. सरकारी पदकं नदीत टाकली म्हणून धरतील, नाहीतर त्या ओळीची नक्कल कुणीतरी गावात आणून वाचेल. टपालवाल्याची सायकल दिसली की मी आत जायचे. लिफाफा आला तेव्हा तो पारावर थांबून 'लष्कराचं आलंय' असं सगळ्यांना सांगत आला. मी लिफाफा संध्याकाळपर्यंत फोडला नाही.

आत इंग्रजी कागद होता. तो घेऊन परत परभणीला गेले. कचेरीतल्या माणसाने वाचून सांगितलं. तिन्ही पदकांची नोंद झाली. राजाच्या वेळची पदकं आता परत मिळत नाहीत. मला ती नकोच होती. त्याने पुस्तकातली रेघ लाल शाईने खोडून वर तीन नावं लिहिली, आणि कागदाखाली मराठीत सगळं लिहून शिक्का मारून दिला. मी जिंतूरला त्याला काच लावून घेतली आणि दारासमोरच्या भिंतीवर टांगला. आत येणाऱ्याला तोच पहिला दिसावा असा.

पुढे बरीच वर्षं गेली. पाटील वारले, त्यांचा मुलगा पाटील झाला. तो कागद वाचून कुणी उभं राहिलं का? एक मीटरवाला राहिला होता, तेवढाच.

मग विद्यापीठाच्या नावाचा निकाल लागला. संक्रांतीचे दिवस होते. गावात पुन्हा माणसं घोळक्याने उभी राहायला लागली. आमच्यातली काही घरं कुलूप लावून परभणीला निघून गेली. मी गेले नाही. पण मी स्टुलावर चढून तो कागद खाली काढला, काचेतून सोडवला, घडी घातली आणि पोटाशी बांधला. घर जळालं तर कागद तरी राहावा म्हणून. घर राखायला आणलेला कागद मीच राखत बसले होते, हे मला तेव्हाच दिसलं. तरी काढला.

दुसऱ्या दिवशी पाटलांचा मुलगा रस्त्याने चालला होता. आता त्याचंही वय झालं होतं, डावा पाय जास्तच ओढत होता. माझ्या दारासमोर तो थांबला आणि आत पाहू लागला.

"भिंतीवरचा कागद काढला का?" त्याने विचारलं.

इतकी वर्षं तो रस्त्यावरून आत पाहत होता, हे मला त्या क्षणी कळलं. तो भिऊन विचारत होता की अंदाज घेत होता, ते त्याच्या आवाजावरून कळेना.

"चुना द्यायचाय भिंतीला," मी म्हणाले.

तो मान हलवून गेला. आता चुना देणं भाग होतं. त्याच दुपारी डबा आणून मी एकटीने ती भिंत रंगवली. वाळायला दोन दिवस लागले. ते दोन दिवस कागद माझ्या पोटाशी होता आणि वस्तीत कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी मी तो काचेत घातला, त्याच खिळ्याला टांगला आणि रस्त्यावरून दिसावा म्हणून दार उघडं ठेवलं.